फावडी किती?

बर्फ म्हणजे स्नो वर्ल्ड, एवढीच आम्हा हैदराबादकरांची ओळख. त्यामुळे काचीगुड्याच्या घरी भाच्याने, "आत्या, ऑफिसचे अकरा जण डिसेंबरात उत्तराखंडला बर्फातल्या ट्रेकला चाललोय," असं जाहीर केलं, तेव्हा वहिनींनी थर्मल घेतलेस का, एवढंच विचारलं.

मी विचारलं, "फावडी किती?"

"आत्या, ट्रेकला चाललोय, शेतावर नाही!"

तरुणपणी मी गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. उस्तादांनी एक सॅक बर्फात पुरली, वरचा बर्फ तुडवून घट्ट केला आणि म्हणाले, काढा हातांनी. बोटं बधिर झाली, सॅक काही निघाली नाही. हिमस्खलन थांबलं की बर्फ सिमेंटसारखा आवळतो. गाडलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो; अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. काढणार ते शेजारचेच. म्हणून अशा उतारांवर जाणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: अंगावर चालू ठेवलेला ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब शोधकाठी आणि फावडं.

"पण गाईड अनुभवी आहे," भाचा म्हणाला.

4 ऑक्टोबर 2022. द्रौपदी का डांडा-2 या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता. गेलेल्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

भाचा गप्प झाला. मग मी त्याला आमच्या जिन्याकडे बोट दाखवलं. साधारण एवढाच, तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत घातक. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, सपाटीवर घसरत नाही. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार असेल तर धोका आहेच. नुकताच भरपूर बर्फ पडलाय, वाऱ्याने एका बाजूला ढीग लागलेत, पायाखाली 'धप्प' आवाज होऊन भेगा पळताहेत, यांतलं काहीही दिसलं की मागे फिरायचं. पैसे भरलेत, रजा घेतलीय, हे बर्फाला कळत नाही. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याआधी तेही पाहायचे.

चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला.

"आत्या, आयोजकांना विचारलं. अकरा जणांत दोन फावडी. ट्रान्सीव्हर एकही नाही. वाट अशा उतारांखालून जाते का, विचारलं तर म्हणाले, आजवर काही झालं नाही."

"मग?"

"तिकिटं रद्द करायला किती कापतात, तेच बघतोय."