चित्र पाठवताना सोबत दोन ओळी लिहा

मधुमेह किंवा काचबिंदूमुळे दृष्टी गेलेली माणसेही आज मोबाइल वापरतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दिसत नसताना फोन चालतो कसा? कानाने! अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय असते. ती सुरू केली की पडद्यावर बोट टेकेल तिथला मजकूर फोन वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. मधुमेहात बोटांच्या टोकांची संवेदनाही पुष्कळदा कमी होते, त्यामुळे उतारवयात ब्रेलचे ठिपके हाताला नीट कळत नाहीत. अशा रुग्णांना हा बोलका फोन मोठाच आधार वाटतो.

पण चित्र आले की तो बहुधा ‘फोटो’ एवढेच म्हणून गप्प बसतो. आणि हल्ली तर सारा कारभार चित्रातूनच चालतो! लसीकरणाची सूचना, दवाखान्याच्या बदललेल्या वेळा, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्याचे फोटो फिरतात. नेत्रशिबिराचे पत्रकसुद्धा असेच येते, म्हणजे ज्याच्यासाठी शिबिर त्यालाच पत्ता नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना काचबिंदू आहे. मुलगा परगावी असतो. त्याने डोळ्यांत टाकायच्या थेंबांचे वेळापत्रक फोटो काढून पाठवले. शेजारचा मुलगा संध्याकाळी येऊन वाचीपर्यंत सकाळचे थेंब राहिले. काचबिंदूचे थेंब वरचेवर चुकले की डोळ्यातील दाब वाढतो, उरलीसुरली नजर जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. फोटोखाली औषधाचे नाव, कोणता डोळा, किती थेंब आणि किती वाजता एवढे टाइप करायला एक मिनिट पुरले असते.

काय लिहावे, असा प्रश्न पडतो. समजा, हेच चित्र तुम्ही फोनवर बोलून सांगत आहात. जे सांगाल तेच लिहा. ‘रविवारी सकाळी ९ ते १, ग्रामीण रुग्णालयात मोफत नेत्रतपासणी, जुने कागद आणावेत.’ बस्स! पत्रकाची फुलापानांची किनार आणि वरचे पुढाऱ्यांचे फोटो सोडून द्या. ‘हे एक चित्र आहे’ असेही लिहू नका, ते फोनने आधीच सांगितलेले असते. ‘निळ्या झाकणाची बाटली’ म्हणण्यापेक्षा औषधाचे नाव लिहावे.

दवाखाना, औषधाचे दुकान किंवा शाळा यांची वेबसाइट असेल तर तिथे प्रत्येक चित्रामागे असा मजकूर ठेवण्याची स्वतंत्र जागा असते. तिला ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतात. तो पडद्यावर दिसत नाही, पण बोलका फोन वाचतो. निव्वळ शोभेच्या चित्रासाठी ती जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे फोन ते चित्र ओलांडून पुढे जातो. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून १९९९ साली जे आंतरराष्ट्रीय नियम आले, त्यांत पहिलाच नियम चित्राला पर्यायी मजकूर देण्याचा होता. गूगललाही चित्र कशाचे आहे हे समजायला या मजकुराची मदत होते. म्हणून काही जण तिथे ‘उत्तम डॉक्टर, स्वस्त डॉक्टर, जवळचा डॉक्टर’ अशी माळ लावतात. ऐकणाऱ्या अंध माणसाला ती शिक्षाच होते.

नव्या काही फोनमध्ये यंत्र स्वतःच चित्राचे वर्णन करते. त्याचा उपयोग आहे, परंतु आम्हा डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी त्याच्या भरवशावर सोडू नये. मात्रेत चूक झाली तर जिवावर बेतेल.

घरातील कोणासाठी टॉकबॅक हवा असल्यास फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली तो सापडतो. सुरू झाल्यावर एका स्पर्शाने नाव ऐकू येते, आणि उघडण्यासाठी लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागते. हे माहीत नसले की फोन बिघडला असे वाटते. त्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून डोळे मात्र तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने बहुधा पुन्हा दिसू लागते.