व्यवसायाची आंतरजाल-विपणन योजना : शब्दनिवड आणि लेखन

वृत्तपत्रातील जाहिरात ग्राहकासमोर आपणहून येते. आंतरजालावर मात्र अनेकदा ग्राहकच वस्तूच्या शोधात निघतो आणि हा शोध तो शब्दांच्या साहाय्याने घेतो. त्यामुळे आंतरजालावरील विपणन योजना हा जितका वाणिज्याचा, तितकाच भाषेचाही विषय ठरतो. देवगडच्या एखाद्या बागायतदाराला मुंबई-पुण्यातील ग्राहकांना थेट आंबा विकायचा आहे, असे समजून या योजनेची अंगे पाहू.

१. उद्दिष्ट : 'विक्री वाढविणे' ही केवळ इच्छा झाली. '३१ मेपर्यंत २०० पेट्या थेट ग्राहकांना विकणे' हे उद्दिष्ट होय; कारण त्यात परिमाण आणि मुदत दोन्ही आहेत.

२. ग्राहकाचा शब्द : मराठी भाषक 'हापूस' म्हणतो, गुजराती भाषक 'हाफूस', तर इंग्रजीत 'अल्फान्सो' रूढ आहे. ही सर्व रूपे एकाच पोर्तुगीज नावापासून आलेली आहेत. शिवाय अनेक मराठी ग्राहक हा शब्द रोमन लिपीत टंकलिखित करतात. बागायतदार 'पेटी'च्या हिशेबाने बोलतो. लहान कुटुंबाला 'दोन डझन' हवे असतात. म्हणून ग्राहकांचे जुने संदेश वाचून त्यांतील शब्दांची यादी करावी आणि वस्तूच्या वर्णनात तेच शब्द वापरावेत.

३. माध्यम : नव्या ग्राहकासाठी गूगलवरील व्यवसायाची नि:शुल्क नोंद उपयोगी पडते, जुन्या ग्राहकासाठी, त्याच्या संमतीने, व्हॉट्सॲप. सर्वच माध्यमांवर थोडे थोडे असण्यापेक्षा दोन माध्यमे नीट सांभाळणे हिताचे.

४. वेळापत्रक : हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे असा अल्पकाळाचा असतो. म्हणून जानेवारीत मोहोराची छायाचित्रे, फेब्रुवारीत आगाऊ नोंदणी आणि मार्चपासून दर व उपलब्धता, असा क्रम ठेवावा. अवकाळी पावसाने पीक घटल्यास आगाऊ रक्कम कशी परत करणार, हेही योजनेत आधीच लिहावे.

५. मूल्यमापन : समजा, जाहिरातीवर ६,००० रुपये खर्च झाले, ३०० जणांनी चौकशी केली आणि ४० जणांनी आंबा मागविला, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे १५० रुपये खर्च आला. एवढी रक्कम एका ग्राहकाकडून मिळणाऱ्या नफ्यातून भरून निघते का, हे तपासावे. चौकशी भरपूर आणि मागणी अल्प असेल, तर दर, पोहोचविण्याची व्यवस्था किंवा वर्णनातील संदिग्धता यांपैकी दोष कोठे आहे, ते शोधावे.

शब्दनिवडीला सत्याची मर्यादा आहे, हे विसरू नये. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात दंडास पात्र ठरते. बाहेरचे फळ 'देवगड हापूस' म्हणून विकले, तर फसतो तो केवळ ग्राहक नव्हे. प्रामाणिक बागायतदाराच्या शब्दाचेही मोल घटते. उलट 'गवताच्या अढीत पिकविलेला' एवढे साधे, खरे वर्णन 'सर्वोत्कृष्ट' या विशेषणापेक्षा अधिक सांगून जाते.

स्वयंअध्ययन : आपल्या परिसरातील एक व्यवसाय निवडा. त्याचे ग्राहक वस्तूला कोणकोणत्या शब्दांनी ओळखतात, ते त्यांनाच विचारून लिहा आणि त्या आधारे वरील पाच मुद्द्यांची योजना तयार करा.