इसब, वावडे आणि साखरेच्या गोळ्या

बहुतेक शाळांत असे एखादे तरी मूल असते. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत त्याची कातडी जाड, काळपट आणि ओरखड्यांनी भरलेली असते. तासभर बसले की ते खाजवू लागते. शेजारचे मूल जरा सरकून बसते. पालकसभेला आलेली आई सांगते, "मलम लावलं की रोग आत दाबला जातो आणि पुढे दमा होतो म्हणतात. म्हणून आम्ही होमिओपॅथी सुरू केलीय. उशीर लागतो, पण मुळापासून जातं. बाई, तुम्हाला काय वाटतं?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देऊन आपण मोकळे होऊ शकतो. परंतु विज्ञान शिकवणाऱ्याने उत्तराइतकेच उत्तरापर्यंतच्या वाटेला महत्त्व द्यायचे असते. ती वाट आपण चालून पाहू.

इसब म्हणजे काय?

लहान मुलांतला जो इसब सर्वाधिक आढळतो, त्याला अ‍ॅटोपिक इसब म्हणतात. बहुतेकांत तो पहिल्या काही वर्षांतच सुरू होतो. तान्ह्या मुलाच्या गालांवर आणि पुढे सांध्यांच्या घड्यांत तो दिसतो. तो संसर्गजन्य नाही, हे प्रथम सर्व वर्गाला सांगायला हवे.

त्वचेचा बाहेरचा थर भिंतीसारखा असतो. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या भिंतीमुळे आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ व जंतू बाहेर राहतात. भिंत पक्की होण्यासाठी फिलाग्रिन नावाचे प्रथिन लागते. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांच्या पुढाकाराने असे दाखवण्यात आले की, हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असल्यास इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. इसब असलेल्या सर्वच मुलांत हा दोष सापडत नाही आणि दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होतो असेही नाही. पण रोगाची एक महत्त्वाची किल्ली त्यातून हाती आली. गळकी भिंत म्हणजे कोरडी त्वचा. तिच्यातून बाहेरचे पदार्थ आत शिरतात, प्रतिकारयंत्रणा खवळते, दाह होतो, खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी फुटते. असे हे दुष्टचक्र आहे.

अ‍ॅलर्जीसाठी मराठीत 'वावडे' हा छान शब्द आहे. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली वापरात आणला. शेंगदाणा, अंडे, परागकण अशा एरवी निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध काही जणांचे शरीर 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे बनवते. ती विशिष्ट पेशींना चिकटून बसतात. तो पदार्थ पुन्हा आला की त्या पेशींतून हिस्टॅमिन बाहेर पडते आणि अंगावर गांधी उठतात, नाक गळते, क्वचित श्वासही कोंडतो.

काट्याने काटा

सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हा जर्मन वैद्य. त्या काळी शिरा कापून रक्त काढणे, पाऱ्याची औषधे देणे असे जहाल उपचार होत. हानेमानला त्यांचा वीट आला. १७९० साली त्याने सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, तेव्हा त्याला हिवतापासारखी लक्षणे जाणवली. यावरून त्याने नियम मांडला की, निरोगी माणसात जी वस्तू जी लक्षणे निर्माण करते, तीच वस्तू सूक्ष्म मात्रेत त्या लक्षणांच्या रोग्याला बरे करते. म्हणजे काट्याने काटा काढणे. कांदा चिरताना डोळे-नाक वाहतात, म्हणून वाहत्या सर्दीवर 'एलियम सेपा' म्हणजे कांदा. मधमाशीच्या दंशाने सूज येते, म्हणून अंगावर पित्त उठल्यास 'एपिस' म्हणजे मधमाशी. इसबासाठी 'सल्फर' आणि 'ग्रॅफाइट्स' ही नावे नेहमी ऐकू येतात. ग्रॅफाइट्स म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइटच.

हानेमानच्या रोग्यांना त्याच्या सौम्य औषधांनी निदान इजा तरी होत नसे. त्या काळात ही मोठीच सुधारणा होती.

विरलीकरणाचा हिशेब

आता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पाटीवर सोडवता येईल असे गणित पाहू. मूळ अर्काचा १ भाग आणि पाणी किंवा अल्कोहोलचे ९९ भाग एकत्र करून जोरात हलवले की झाली '१ सी' पोटेन्सी. त्यातला १ भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत मिसळला की '२ सी'. दर पायरीला दोन शून्ये वाढतात. आपल्याकडे सर्रास दिली जाते ती ३० पोटेन्सी, म्हणजे एकास एकावर साठ शून्ये. त्याहून 'उच्च' मानली जाते ती २०० पोटेन्सी.

कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये सुमारे ६ वर तेवीस शून्ये इतके रेणू असतात. तेव्हा एक मोल पदार्थापासून सुरुवात केली, तरी बाराव्या पायरीच्या सुमारास त्यातला एखादा रेणू तरी उरला असेल का, हाच प्रश्न पडतो. तिसाव्या पायरीचे काय? एकावर साठ शून्ये इतक्या पाण्याच्या रेणूंमागे मूळ पदार्थाचा एक रेणू, असे प्रमाण धरले तर तेवढ्या पाण्याचे वस्तुमान सुमारे ३ वर चौतीस शून्ये किलोग्रॅम भरते. पृथ्वीचे वस्तुमान ६ वर चोवीस शून्ये किलोग्रॅम आहे. म्हणजे औषधाचा एक रेणू मिळायला सुमारे पाच अब्ज पृथ्व्यांएवढे पाणी प्यावे लागेल!

हानेमानला दोष देता येत नाही. रेणू किती लहान असतो याचा पहिला बऱ्यापैकी अंदाज लोश्मिट याने १८६५ साली केला. हानेमानला जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

मात्र कमी पोटेन्सीच्या औषधांत आणि मूळ अर्कांत, म्हणजे मदर टिंक्चरमध्ये, पदार्थ खरोखरच असतो. म्हणून 'होमिओपॅथीचे काहीही घेतले तरी अपाय नाही' हेही बरोबर नाही.

प्रयोगशाळेतील कसोटी

"रेणू नसला तरी पाण्यात त्याची स्मृती राहते," असे यावर सांगण्यात येते. गंमत म्हणजे या दाव्याची सर्वांत गाजलेली परीक्षा वावड्याच्याच क्षेत्रात झाली. फ्रान्समधील जाक बेनव्हेनिस्त या नावाजलेल्या संशोधकाच्या गटाने ३० जून १९८८ च्या 'नेचर'मध्ये लेख लिहिला. आयजीईच्या विरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे एकही रेणू उरणार नाही इतकी विरल केली, तरी ती रक्तातील बेसोफिल पेशींवर परिणाम करतात, असे त्यात म्हटले होते.

'नेचर'चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी लेख छापला, पण एका अटीवर. आम्ही येऊन प्रयोग डोळ्यांसमोर पाहू. जुलैमध्ये ते, जादूगार जेम्स रँडी आणि वैज्ञानिक गैरप्रकारांचा शोध घेणारे वॉल्टर स्ट्युअर्ट असे तिघे पॅरिसजवळच्या त्या प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत काय आहे हे पेशी मोजणाऱ्याला ठाऊक होते, तोवर परिणाम दिसत होता. मग नळ्यांना सांकेतिक क्रमांक दिले. संकेताची किल्ली पाकिटात घालून, पाकीट अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून छताला चिकटवले. आता परिणाम नाहीसा झाला. कोणी मुद्दाम लबाडी केली असेच यातून निघत नाही. सीमारेषेवरची पेशी मोजावी की सोडावी हे ठरवताना मनातली अपेक्षा नकळत हात धरते, एवढे मात्र निघते. म्हणून तर चाचणी 'अंध' असावी लागते.

मग गुण कसा येतो?

"पण आमच्या मुलाला गुण आला!" आई खोटे बोलत नाही. गुण आलेला असतो. तो कशाने आला, एवढाच प्रश्न आहे.

इसब चढउतार होणारा रोग आहे. पालक डॉक्टरकडे केव्हा जातात? रोग शिगेला पोचतो तेव्हा. शिगेनंतर उतारच येणार. वर्गात हे करून पाहा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन फासे टाकावेत. बेरीज हा त्याचा 'खाजेचा आकडा'. ज्यांना १० किंवा अधिक पडले ते 'रोगी'. छत्तीस मुलांत असे साधारण सहा निघतील आणि त्यांची सरासरी साडेदहाच्या आसपास येईल. त्यांना खडीसाखरेचा एकेक खडा देऊन पुन्हा फासे टाकायला सांगा. आता सरासरी सातच्या जवळ येण्याचा संभव आहे. रोगी थोडेच असल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होईल, म्हणून प्रयोग दोन-तीनदा करावा. बहुतेक रोग्यांना 'गुण' आलेला दिसेल. फासे मात्र तेच आहेत.

याखेरीज अनेक मुलांचा इसब वाढत्या वयाबरोबर आपोआप सौम्य होतो. 'उशीर लागतो, पण मुळापासून जातं' या अनुभवाचे बरेचसे श्रेय वयाला आहे. शिवाय होमिओपॅथ तासभर शांतपणे ऐकून घेतो, आईचा जीव थाऱ्यावर येतो, आणि ताण कमी झाला की खाजवणेही कमी होते. हा लाभ खरा आहे. गर्दीतल्या डॉक्टरांनी तो शिकण्याजोगा आहे. पण तो गोळीतला नव्हे.

मुलांवरील अभ्यास

म्हणूनच तुलना हवी. जर्मनीत इसब असलेल्या १३५ मुलांचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. काहींवर होमिओपॅथीचे, काहींवर प्रचलित वैद्यकाचे उपचार चालू होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार होमिओपॅथी सरस ठरली नाही. दोन्ही गटांत सुधारणा झाली. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही या अभ्यासाची मर्यादा होती. त्याआधी २०१२ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी इसबावरील नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांना अशा तीनच चाचण्या सापडल्या आणि त्यांतून होमिओपॅथी परिणामकारक असल्याचे दिसले नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली ६१ आजारांवरील १७६ अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही आजारात आढळला नाही.

प्रचलित वैद्यकही चुकते. फरक आहे तो चूक तपासण्यात. वावडे टाळण्यासाठी लहान मुलांना शेंगदाणा देऊ नका, असा सल्ला पूर्वी इंग्लंड-अमेरिकेत दिला जाई. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर त्याची चाचणी झाली. तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली ही मुले होती. २०१५ साली निष्कर्ष आला. पाचव्या वर्षी शेंगदाण्याचे वावडे, तो टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के, तर लवकर खाऊ लागलेल्या गटात ३.२ टक्के होते. सल्ला उलटा निघाला आणि बदलण्यात आला. (अशा मुलांना शेंगदाणा सुरू करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.)

'दाबला' जातो का?

आईच्या मनातली मूळ भीती ही आहे. इसब असलेल्या मुलांपैकी काहींना पुढे दमा होतो, हे खरे. पण तो मलम लावल्यामुळे नव्हे. एकाच प्रवृत्तीची ही रूपे आहेत. आधी त्वचा, मग नाक आणि फुफ्फुसे, असा त्यांचा क्रम असतो. मलम मध्ये येते एवढेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, तसे हे आहे.

स्टेरॉइड मलमाची भीती मात्र अगदीच निराधार नाही. दुकानातून मनाने आणलेली जहाल, मिश्र मलमे महिनोन्‌महिने चोळल्यास त्वचा पातळ होते. योग्य तीव्रतेचे मलम डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस वापरावे. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांएवढ्या त्वचेला पुरते. उलट 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून मिळणाऱ्या मलमांबाबत सावध राहावे. १९९९ साली लंडनमध्ये तपासलेल्या ११ चिनी वनौषधी मलमांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच निघाले!

रोजचा खरा उपचार साधा आहे. कोमट पाण्याने थोडा वेळ अंघोळ, खरखरीत घासणे नाही, अंग टिपून लगेच भरपूर स्निग्ध मलम, सुती कपडे, कापलेली नखे. भिंतीची डागडुजी रोज करावी लागते.

बाई, तुम्हाला काय वाटतं?

आपल्या देशात होमिओपॅथीला कायद्याची मान्यता आहे आणि ती घेणाऱ्या कुटुंबाचा उपहास करण्याचे कारण नाही. साखरेच्या गोळीने सौम्य इसबाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते तिच्यासाठी इतर उपचार थांबवल्याने. सिडनी येथे २००२ साली नऊ महिन्यांची एक मुलगी दगावली. चौथ्या महिन्यात तिला इसब झाला होता. आईवडिलांचा भर होमिओपॅथीवर राहिला. त्वचा फुटत गेली, जंतुसंसर्ग रक्तात पसरला. २००९ साली न्यायालयाने आईवडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. मुलीवर त्यांचे प्रेम नव्हते असे कोणीच म्हणणार नाही.

म्हणून आईला एवढे जरूर सांगावे. गोळ्या द्यायच्या तर द्या, पण स्निग्ध मलम आणि डॉक्टरांचे औषध थांबवू नका. त्वचेतून पू किंवा पाणी येऊ लागले, ताप आला किंवा मूल मलूल झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि शिक्षकांनी स्वतःसाठी लक्षात ठेवावे की, काही खाल्ल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर मुलाच्या ओठांना सूज आली, आवाज बसला, श्वास लागला किंवा ते भोवळून पडले, तर मिनिटांचा प्रश्न असतो. तिथे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच लागते. मुलाला आडवे ठेवून, श्वास लागत असल्यास बसते ठेवून, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आणि उद्या त्या मुलाच्या शेजारी सरकून बसणाऱ्याला पुन्हा जवळ बसवावे. या एका उपायाला कोणत्याही चाचणीची वाट पाहण्याची गरज नाही.