शब्द खरे मानणारी माणसं

चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आणि वैनगंगा ओलांडली की वडसा, आरमोरी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीपट्टीत संध्याकाळी देवळातून किंवा प्रार्थना मंदिरातून खंजिरीचा ठेका ऐकू येतो. भगवी टोपी घातलेला एक जण पुढे म्हणतो, बाकीचे मागून उचलतात. हार्मोनियम, तबला असेल तर उत्तम, नसेल तर खंजिरी आणि टाळ्यांवर भागतं. भजन राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना ते आजोबांच्या मांडीवर बसून पाठ झालेलं असतं.

इतकी वर्षं तीच भजनं म्हणणाऱ्या या माणसांना त्यांतून नेमकं काय मिळतं? चाली सोप्या आहेत आणि शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, हे खरं. पण तेवढ्यावर एखादं गाणं तीन पिढ्या टिकत नाही. ही भजनं टिकली, कारण म्हणणाऱ्यांनी त्यांतले शब्द खरे मानले आणि त्यांतून आपल्यासाठी काम काढलं. या मुलखाने ते एकदा फार मोठी किंमत देऊन केलं आहे.

महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक. ‘तुकड्या’ हे नाव वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेलं. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. मात्र त्यांच्या साधनेचा काळ चंद्रपूरच्या जंगलाशी जोडलेला आहे. चिमूरजवळच्या गोंदेड्याची गुंफा आजही तपोभूमी म्हणून ओळखली जाते आणि रामदेगीच्या रानाचंही नाव त्यांच्याशी बांधलेलं आहे. त्यामुळे इथल्या माणसाला महाराज बाहेरून आलेले वाटत नाहीत.

1942 चं चिमूर

ऑगस्ट 1942 मध्ये चिमूरला महाराजांच्या भजनांचे कार्यक्रम झाले. ‘चले जाव’चा ठराव नुकताच झाला होता, मोठे पुढारी तुरुंगात होते. त्या वेळी महाराजांचं एक हिंदी भजन गाजत होतं. रानातली झाडं आणि वाटेवरचे दगड हीच आपली हत्यारं आणि टाळ कुटणारे भक्त हीच आपली फौज, असा त्याचा आशय. भाषा हिंदी असली तरी कुणाला अडली नाही. तेव्हाचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रांतात होता, हिंदी कानावर होतीच.

16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, गावातून मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पडला आणि जमाव बिथरला. त्या दिवशी उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि पोलिस अधिकारी जरासंध यांच्यासह चार सरकारी माणसं मारली गेली. मग फौज आली. घरं लुटली गेली, धरपकड झाली, बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं; ते जानेवारी 1943 मध्ये सुटलं. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळे झटल्या. महाराजांनाही ऑगस्टअखेर अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरात सुटले.

त्या भजनाचा अर्थ कसा लावायचा? त्यात येणाऱ्या ‘नाथा’ला भाविकाने देव मानावं, देशभक्ताने स्वातंत्र्य मानावं, शब्दांत दोन्ही मावतात. हत्यारांच्या ओळी रूपक म्हणूनही घेता येतात. महाराज 1936 मध्ये गांधीजींकडे सेवाग्रामला राहून आलेले होते, त्यामुळे शांततेच्या बाजूने अर्थ लावणाऱ्यांना आधारही आहे. पण चिमूरच्या लोकांनी त्या दिवशी ओळी जशाच्या तशा घेतल्या. गाणं कुणाच्या तोंडी, कुठल्या घडीला जातं, यावर त्याचा अर्थ ठरतो आणि त्याचे परिणाम लिहिणाऱ्यालाही चुकत नाहीत. चिमूर आजही 16 ऑगस्टला शहिदांना मानवंदना देतं. तिथे हे भजन केवळ करमणुकीचं उरत नाही.

झोपडीचं भजन

महाराजांचं सर्वांत लाडकं मराठी भजन कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण ‘या झोपडीत माझ्या’ सांगतील. शाळेत शिकलेलं, लग्नात ऐकलेलं आणि मयताच्या घरी बसल्यावरही म्हटलेलं. या भजनावर एक आक्षेप घेतला जातो: गरिबाला झोपडीतच सुख माना असं सांगणं म्हणजे गरिबीचं कौतुक नाही का?

आक्षेप वरवरचा नाही. कुडाच्या भिंती, गळकं छप्पर आणि मोहफुलं-तेंदूपत्त्याच्या हंगामावर चालणारं घर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना झोपडीचे गोडवे गाणं सोसत नाही. पण भजन नीट ऐकावं. त्यातली झोपडी मोठी ठरते ती दारामुळे. राजवाड्याला पहारा आहे आणि येणाऱ्याची अडवणूक आहे. इथे दाराला बंधन नाही. सुखाने या, सुखाने जा. म्हणजे बोलणं गरिबीचं नसून मोकळ्या दाराचं आहे. ज्या मुलखात माणसाला कचेरीच्या, सावकाराच्या आणि स्वतःच्याच जंगलाच्या दारात थांबवलं गेलं, तिथे हे शब्द मनात का रुतले, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय लिहिणारा माणूस झोपडीवर समाधान मानणारा नव्हता. 1955 च्या सुमारास आलेली ‘ग्रामगीता’ ग्रामदेवतेला अर्पण केलेली आहे. तिच्या 41 अध्यायांत स्वच्छता, शिक्षण, आरोग्य, श्रम, संघटन, व्यसनमुक्ती असे गावगाड्याचे विषय येतात. झोपडीचं भजन आणि ग्रामगीता शेजारी ठेवून वाचली की आक्षेपाला उत्तर मिळतं.

मागणं आणि काम

तिसरं भजन ‘या भारतात’. रूपाने ते देवाकडे मागितलेलं वरदान आहे. त्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान नावानिशी येतात, अस्पृश्यता मुळासकट जावी असं मागणं येतं आणि शेवटी ‘तुकड्या’ स्वतःसाठी फक्त सेवा मागतो. शाळेत परिपाठाला म्हणताना त्याची धार बोथट होते, पण ज्या गावात पाणवठे वेगळे होते तिथे सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून ते म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना त्यासाठीच आहे. भजन एकट्याने गुणगुणलं तर ती इच्छा असते, शेजाऱ्यासोबत म्हटलं की जबाबदारी होते.

दारूचंही तसंच. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली, ती लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. या लढ्यांचं श्रेय त्यात उतरलेल्या बायकांचं आणि संघटनांचं. भजनांनी दारू सोडवली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण दारू पिणं ही लाजेची गोष्ट आहे, हे इथल्या गावांत या भजनांनी कैक वर्षं आधीपासून सांगितलेलं होतं.

एक मर्यादाही मोकळेपणाने सांगायला हवी. आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या बाजूला गेलं की गोंडी-माडिया मुलूख लागतो. तिथे या भजनांचं नव्हे, आदिवासींच्या रेला गाण्यांचं राज्य आहे. गावाचं राज्य गावाने करावं हा ग्रामगीतेचा विचार धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने स्वतःच्या वाटेने गाठला. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकून या गावाने तो सिद्ध केला. महाराजांच्या भजनावर प्रेम करणाऱ्यांनी त्या गाण्यांकडे आणि त्या गावाकडेही आदराने पाहावं.

आज ही भजनं मोबाइलवर मिळतात, झगमगीत वाद्यमेळासह. ऐकावीत. पण 11 ऑक्टोबर 1968 ला गेलेल्या या माणसाला श्रोते नको होते, कार्यकर्ते हवे होते. तेव्हा एखाद्या संध्याकाळी आपल्या गावच्या प्रार्थनेला जाऊन बसा, एक कडवं सगळ्यांसोबत म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी त्या कडव्यात सांगितलेलं एक तरी काम करा.