गॉल्फ मैदानांची रचना : काही अल्पपरिचित मैदाने

गॉल्फ हा ज्या थोड्या खेळांपैकी एक आहे, की ज्यांच्या क्रीडांगणास ठराविक आकार वा मोजमाप नाही. टेनिस, हॉकी किंवा खोखो यांची मैदाने कोठेही आखली, तरी ती एकसारखीच असतात. गॉल्फचे मैदान मात्र त्या त्या भूमीच्या चढउतारांतून, मातीतून, वृक्षराजीतून आणि पाण्याच्या उपलब्धतेतून घडते. त्यामुळे मैदानाची आखणी हा या खेळाचा स्वतंत्र अभ्यासविषय ठरला आहे. प्रस्तुत नोंदीत या आखणीची तत्त्वे थोडक्यात देऊन, महाराष्ट्रातील व अन्यत्रच्या, रचनेच्या दृष्टीने लक्षणीय परंतु फारशा परिचित नसलेल्या मैदानांचा विचार केला आहे.

मैदानाची अंगे : ज्या खळगीत चेंडू घालवावयाचा ती खळगी आणि आरंभस्थानापासून तिच्यापर्यंतचा सर्व पट्टा, या दोहोंनाही व्यवहारात ‘होल’ म्हणतात. येथे पट्ट्यास होल व खड्ड्यास खळगी म्हटले आहे. पूर्ण मैदानात १८ होल असतात. लहान मैदानात ९ होल असून तीच फेरी दोनदा खेळतात. १८ होलांची प्रथा स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूझ येथील मैदानावरून रूढ झाली. तेथे १७६४ मध्ये काही होल एकत्र करण्यात आले व फेरीतील होलांची संख्या २२ वरून १८ वर आली. खळगीचा व्यास १०·८ सेंमी. (४·२५ इंच) असावा, हा नियम १८९१ पासून प्रचारात आहे. प्रत्येक होलाचे आरंभस्थान (टी), मधली कापलेल्या गवताची वाट (फेअरवे), तिच्या दोन्ही अंगांचा राठ गवताचा भाग (रफ), वाळूचे खड्डे (बंकर) आणि खळगीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ (ग्रीन) ही मुख्य अंगे होत. कुशल खेळाडूस होल पूर्ण करण्यास अपेक्षित असलेल्या टोल्यांच्या संख्येस ‘पार’ म्हणतात. पुरुषांच्या खेळात साधारणतः २४० मी.पर्यंतचा होल ३ पारचा, सु. २२० ते ४५० मी.चा ४ पारचा व सु. ४१० मी.हून अधिक लांबीचा ५ पारचा धरतात. या मर्यादा काहीशा एकमेकींत मिसळतात; कारण चढ, उतार व अडथळे यांचाही विचार करावा लागतो.

रचनेची तत्त्वे : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मैदाने मुद्दाम बांधीत नसत. समुद्रकाठच्या वालुकामय, गवताळ जमिनीवर खेळण्याजोगे मार्ग शोधून काढीत. ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) याच्यापासून आखणी हा व्यवसाय बनू लागला. पुढे हॅरी कोल्ट (१८६९–१९५१), डॉनल्ड रॉस (१८७२–१९४८) व ॲलिस्टर मॅकेंझी (१८७०–१९३४) यांनी तिला शास्त्राचे स्वरूप दिले. मॅकेंझी हा मूळचा वैद्य. बोअर युद्धात शत्रूने जमिनीच्या नैसर्गिक घडणीचा आडोशासाठी केलेला उपयोग त्याने पाहिला आणि कृत्रिम उंचवटे नैसर्गिक भासावेत, हे तत्त्व मैदानाच्या आखणीत आणले.

रचनेचे स्थूलमानाने तीन प्रकार मानतात. पहिल्यात चुकलेल्या टोल्यास सरळ शिक्षा होते. वाटेवर आडवे खड्डे असतात व ते ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. दुसऱ्यात खेळाडूस निवड करावी लागते : धोक्याच्या जवळून टोला मारल्यास पुढील मार्ग सोपा होतो, दूरच्या सुरक्षित बाजूने गेल्यास पुढचा टोला अवघड होतो. तिसऱ्यात एखादा मोठा धोका पार करण्याचे आव्हान असते, पण वळसा घालून जाण्याची वाटही असते. यांपैकी दुसरा प्रकार श्रेष्ठ मानला जातो. कारण तो बलवान व दुर्बल, तरुण व वृद्ध अशा सर्वांस आपापल्या मगदुराप्रमाणे खेळू देतो. नॉर्थ बेरिक (स्कॉटलंड) येथील ‘रेडॅन’ नावाचा ३ पारचा होल याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याची हिरवळ तिरपी असून ती पुढून मागे उतरते व डाव्या अंगास खोल खड्डा आहे. सरळ खळगीकडे मारण्यापेक्षा उजवीकडे टाकून चेंडू उतारावरून घरंगळत नेणे तेथे शहाणपणाचे ठरते. क्रिमियन युद्धातील एका तटबंदीवरून त्यास हे नाव पडले आणि त्याची अनुकरणे अनेक देशांत झाली.

अल्पपरिचयाची कारणे : मैदानाची कीर्ती बहुधा तेथे होणाऱ्या मोठ्या स्पर्धांवर अवलंबून असते व अशा स्पर्धांस मोठी लांबी, प्रेक्षकांसाठी जागा व वाहनतळ लागतो. लहान मैदाने त्यामुळे आपोआप मागे पडतात. अनेक मैदाने लष्करी छावण्यांत, कारखान्यांच्या वसाहतींत किंवा मर्यादित सभासदत्वाच्या संस्थांत असल्याने बाहेरच्या जाणकारांच्या दृष्टीस पडत नाहीत. परंतु लांबी व रचनेचा दर्जा यांचा अनिवार्य संबंध नाही. इंग्लंडमधील रॉयल वर्लिंग्टन अँड न्यूमार्केट (स्थापना १८९३) हे केवळ ९ होलांचे मैदान असूनही त्याची गणना त्या देशातील उत्कृष्ट मैदानांत होते. सपाट दिसणाऱ्या जमिनीवर हिरवळींच्या सूक्ष्म उतारांनी व खड्ड्यांच्या नेमक्या जागांनी खेळाची विविधता कशी साधते, हे तेथे दिसते.

महाराष्ट्रातील मैदाने : भारतात हा खेळ ब्रिटिशांनी आणला. कलकत्त्याची संस्था १८२९ मध्ये व मुंबईची १८४२ मध्ये स्थापन झाली. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुन्या गॉल्फ संस्थांत या दोहोंची गणना होते. कलकत्त्याची संस्था अद्याप चालू आहे. मुंबईची जुनी संस्था मात्र लयास गेली.

नाशिक येथे रॉयल वेस्टर्न इंडिया गॉल्फ क्लब ही पश्चिम भारतातील एक प्रतिष्ठित संस्था होती. तिचाही अस्त झाला. नाशिककर ज्यास आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, त्यास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी वध केला व त्यासाठी १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे त्यांना फाशी देण्यात आली. हे मैदान आता क्रिकेटचे सामने, जाहीर सभा व नागरिकांचा व्यायाम यांच्या उपयोगी पडते. सत्ताधाऱ्यांच्या करमणुकीची जागा नागरिकांची झाली, हे उचितच होय. तथापि जुन्या खेळाची खूण तेथे केवळ बोलीतील नावापुरती उरली आहे. नकाशा व छायाचित्रे यांच्या रूपाने नोंद न राहिल्यास मैदानाची रचना किती लवकर विस्मृतीत जाते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

मुंबईतील विलिंग्डन क्लब (१९१८) हा भारतीय व यूरोपीय या दोघांनाही प्रवेश देणारा म्हणून सामाजिक इतिहासात महत्त्वाचा आहे. त्याचे मैदान शहराच्या मध्यभागी, मर्यादित जागेत बसविलेले असून त्याचा पार ७०हून कमी आहे. अशा ठिकाणी लांबीऐवजी नेमकेपणाची परीक्षा घेणे, हाच रचनाकारापुढील मार्ग असतो. चेंबूर येथील बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब (१९२७) आणि पुण्यातील येरवड्याचे जुने मैदान यांचेही महत्त्व खेळाइतकेच वृक्षसंपदेत व शहरातील मोकळ्या जमिनीच्या रक्षणात आहे. नवी मुंबईतील खारघर येथे सिडकोने डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात मैदान विकसित केले. ते २०१२ मध्ये खुले झाले, तेव्हा त्यात ११ होल होते. सार्वजनिक संस्थेने उभारलेले व शुल्क भरून सर्वांस खेळता येईल असे मैदान म्हणून त्याचा विशेष उल्लेख करावा लागतो.

तपकिरी मैदाने : भारतीय परिस्थितीतून पुढे आलेला, पण रचनेच्या ग्रंथांत क्वचितच विचारात घेतला जाणारा प्रकार म्हणजे ‘ब्राउन’ची मैदाने. ज्या ठिकाणी वर्षभर हिरवळ राखण्याइतके पाणी नसते, तेथे खळगीभोवती गवताऐवजी बारीक वाळूचा थर चोपून, बहुधा तेलाने बांधून, वर्तुळाकार सपाट पृष्ठ तयार करतात. त्याच्या रंगावरून त्यास ‘ब्राउन’ हे नाव पडले. कोरड्या प्रदेशांतील छावण्यांच्या व वसाहतींच्या मैदानांवर हा प्रकार विशेषेकरून आढळतो. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या शुष्क भागांतही अशी मैदाने आहेत. अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्र. २ या विख्यात मैदानावरही १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूचीच पृष्ठे होती. १९३५ च्या सुमारास तेथे गवत आले. यावरून वाळूचे पृष्ठ म्हणजे कनिष्ठ रचना, हा समज निराधार ठरतो.

अशा मैदानावर खेळाचे स्वरूप बदलते. गवताच्या ओलसर हिरवळीवर उंचावरून पडलेला चेंडू थांबतो. कठीण तपकिरी पृष्ठावर तो पुढे उसळून जातो. म्हणून चेंडू अलीकडे टाकून जमिनीवरून घरंगळत नेण्याचे कौशल्य लागते. पृष्ठ स्वतः सपाट असल्याने रचनेतील सर्व सूक्ष्मता त्याच्या अलीकडील तीस-चाळीस मीटर जमिनीत असते. तेथील एखादा उंचवटा, नाल्याची कड किंवा बाभळीचे झाड हाच खरा अडथळा ठरतो. टोला मारण्यापूर्वी चेंडूपासून खळगीपर्यंतची वाळू फळीने सारखी करण्याची प्रथा असल्याने प्रत्येक खेळाडूस सारखाच मार्ग मिळतो. या प्रकाराचा मुख्य दोष म्हणजे वापरलेले तेल जमिनीत मुरणे. त्याऐवजी तेलाविना दाबलेली बारीक वाळू वा माती वापरणे इष्ट होय.

दख्खनची भूमी व पाणी : नाशिक शहराच्या ईशान्येस मुंबई–आग्रा महामार्गावर, बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे गाव १९६४ पासूनच्या विमान कारखान्यामुळे व विमानतळामुळे ज्ञात आहे. या परिसराची भूमी दख्खनच्या पठाराची नमुनेदार भूमी होय : खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, सखल भागी काळी माती आणि पश्चिमेस डोंगरांची रांग. पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा भूमीवर मैदान आखताना काही गोष्टी अटळ ठरतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व चेंडू भेगेत अडकतो. म्हणून वाटा मुरमाड चढावर घेणे योग्य. पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून नैसर्गिक नाले न बुजविता तेच अडथळे म्हणून योजावेत. ऑक्टोबरमध्ये मऊ असलेली वाट मार्चनंतर कठीण होऊन चेंडू बराच दूर घरंगळतो. त्यामुळे एकाच होलासाठी दोन-तीन आरंभस्थाने ठेवावी लागतात.

गवताची निवडही येथे दूर शोधावयास नको. उष्ण प्रदेशातील मैदानांवर जगभर वापरतात ते ‘बर्म्यूडा’ गवत म्हणजे आपली हरळी, पूजेतील दूर्वा होय. अमेरिकेत टिफ्टन (जॉर्जिया) येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळी व तिच्याच कुळातील एका आफ्रिकी जातीचे संकर करून ‘टिफग्रीन’ (१९५६), ‘टिफवे’ (१९६०) इ. वाण तयार केले. साधी देशी हरळी त्यांच्याइतकी बारीक नसली, तरी ती अवर्षण सोसते व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. एका हेक्टरवर ५ मिमी. पाणी देण्यास ५० घ.मी. म्हणजे ५०,००० लि. पाणी लागते. १८ होलांच्या मैदानातील २५ हेक्टर क्षेत्र याप्रमाणे भिजविल्यास दररोज १२·५ लक्ष लि. पाणी खर्च होते. केवळ १८ हिरवळी (प्रत्येकी ५०० चौ.मी. धरल्यास एकूण ०·९ हे.) भिजविल्यास हा आकडा ४५,००० लि.वर येतो आणि तपकिरी पृष्ठे केल्यास तोही वाचतो. ओझर येथे वाघाड प्रकल्पाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकारंभी पाणीवापर संस्था स्थापन करून पाणी मोजून घेण्याची पद्धत रूढ केली. ज्या परिसरात शेतकरी द्राक्षबागेसाठी पाण्याचा हिशेब ठेवतो, तेथे क्रीडांगणानेही तो ठेवणे क्रमप्राप्त आहे. म्हणून दख्खनमधील मैदानाची योग्यता ठरविताना, ते किती थोड्या पाण्यावर व जमिनीची किती कमी उलथापालथ करून उत्तम खेळ देते, ही कसोटी प्रथम लावली पाहिजे. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे, भिजविलेले क्षेत्र मर्यादित ठेवणे व उर्वरित भागात स्थानिक गवते व झाडे राखणे, हे त्याचे मार्ग होत.

मूल्यमापन व जतन : या कसोटीने पाहता अनेक लहान मैदाने नामांकित मैदानांहून सरस ठरण्याचा संभव आहे. त्यांच्या अभ्यासासाठी प्रत्येक होलाचा मोजमापांसह आराखडा, समोच्चरेषांचा नकाशा, वृक्षांची गणना, पाण्याच्या वापराची नोंद व कालक्रमाने झालेले बदल, एवढी माहिती पुरेशी असते. ती संबंधित संस्थेच्या माळ्यांकडे, कॅडींकडे व जुन्या खेळाडूंकडे मौखिक स्वरूपात बहुधा उपलब्ध असते. हिरवळीचा उतार बुजविला वा एखादा नाला पाइपात घातला, की रचना नष्ट होते आणि पुढील पिढीस तिचे अस्तित्वही कळत नाही. मुंबई व नाशिक येथील जुन्या संस्थांच्या मैदानांबाबत हेच घडले. शहरांच्या वाढीमुळे मोकळ्या जमिनींवर ताण वाढत असता, उरलेल्या मैदानांची अशी नोंद ती अस्तित्वात असतानाच होणे आवश्यक आहे.