विजेची मोटार आणि गावची डी. पी.

श्रोतेहो, विजेच्या मोटारी आता तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. त्यांना वीज भरायची ठाणी कुठे असावीत? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मापे घालून दिली होती : शहरात ३ किलोमीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक ठाणे, आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक. नकाशावर हे झकास दिसते. पण नुसते अंतर मोजून भागत नाही, भार मोजावा लागतो.

आता असे पाहा. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. झटपट वीज भरणारे एक यंत्र ५० किलोवॅटचे. म्हणजे एक मोटार लावली की बारा-तेरा पंप एकदम सुरू! गावची ६३ के. व्ही. ए.ची डी. पी. एवढ्यावरच दमते; मग रब्बीच्या पाण्याचे काय? अशा यंत्राला डी. पी. स्वतंत्रच हवी, आणि खरा खर्च तिथेच आहे.

म्हणून झटपट यंत्रे महामार्गावर, जेवणाच्या थांब्यापाशी शोभतात. गावात गाडी रात्रभर उभीच असते ना! रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या लहान मोटारीला सहाएक युनिटे पुरतात. ३ किलोवॅटच्या साध्या जोडणीवर हे दोन तासांचे काम.

गुरुजींनी मुलांना हे गणित जरूर घालावे. दहा मोटारी संध्याकाळी सातला एकदम लावल्या, तर भार ३० किलोवॅट. रात्री दहापासून दोन-दोन करून लावल्या, तर सहाच. आणि सकाळी आठपर्यंत दहाही तयार.