उष्णता, पांढरे ग्रॅफाइट आणि संगणक

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजे भोसले यांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आहे. मराठी वाचकाचे लक्ष साहजिकच अक्षरांकडे जाते. पण ज्या दगडाने हे मंदिर उभे आहे, त्याच्याकडेही थोडे पाहावे. राजराज चोळाच्या कारकीर्दीत, 1010 च्या सुमारास पूर्ण झालेले हे मंदिर मुख्यतः ग्रॅनाइटचे आहे, आणि ग्रॅनाइट हे निसर्गाने घडविलेले संमिश्र द्रव्यच होय. क्वार्ट्झ, फेल्स्पार व अभ्रक यांचे कण त्यात एकमेकांत घट्ट बसलेले असतात. तापल्यावर प्रत्येक कण फुगतो, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. क्वार्ट्झ फेल्स्पारपेक्षा बराच अधिक फुगतो. उन्हाने पाय पोळावेत इतका दगड तापला, तरी हा अंतर्गत ताण तो सहज सोसतो. मोठ्या आगीत सापडला तर मात्र कणांच्या सीमांवर तडे जातात, कारण 573 अंश सेल्सिअसला क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचनाच बदलते.

माणसाने बनविलेल्या संमिश्र द्रव्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. दोन पदार्थ एकत्र बांधले आणि तापविले, तर त्यांच्या सीमेवर काय घडेल?

या संदर्भात बोरॉन नायट्राइड हे विलक्षण द्रव्य आहे. त्यातील बोरॉन म्हणजे, सोनार डाग देताना जो टंकणखार वापरतो, त्यातलेच मूलद्रव्य. बोरॉन आणि नायट्रोजन यांचे अणू एकाआड एक बसून षट्कोनी जाळीचे थर बनतात. थरातील शेजारच्या अणूंमध्ये सुमारे 1.45 अँगस्ट्रॉम अंतर असते, तर एका थरापासून दुसरा सुमारे 3.33 अँगस्ट्रॉम दूर असतो (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). ही ठेवण ग्रॅफाइटसारखीच आहे. म्हणून याला पांढरे ग्रॅफाइट असेही म्हणतात. मात्र ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे आणि हे द्रव्य विजेला अडविते. उष्णतेला मात्र थराच्या दिशेने उत्तम वाट देते. विजेच्या उपकरणांतील उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याची चूर्णे एपॉक्सी रेझीनमध्ये मिसळतात, ती याच गुणामुळे.

1952 मध्ये आर. एस. पीझ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने याचे मापन केले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तापविल्यावर थर एकमेकांपासून दूर सरतात, दर अंशास दहा लाखांत सुमारे 40 भाग इतके. पण प्रत्येक थर स्वतःच्या पातळीत किंचित आकसतो! कारण समजण्यास कठीण नाही. ताणून धरलेल्या चादरीला लाटा दिल्या, तर तिच्या कडा आत ओढल्या जातात. अणूंचे थराबाहेरचे डोलणे तापमानाबरोबर वाढते आणि थराची पसरट लांबी घटते. आता असा आकसणारा थर फुगणाऱ्या रेझीनला चिकटलेला आहे अशी कल्पना करा.

सीमेवर नेमके काय होते ते डोळ्यांनी पाहता येत नाही. येथे संगणक उपयोगी पडतो. हैदराबादला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉनच्या 864 अणूंची हालचाल संगणकाने मोजून दाखविली. पद्धत मुळात न्यूटनची. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचे बल किती ते काढावयाचे, त्यावरून क्षणभराने तो कोठे जाईल ते ठरवावयाचे, आणि हेच पुनःपुन्हा करावयाचे. तापमान म्हणजे या हालचालीची सरासरी ऊर्जा. पुढे 1980-81 मध्ये पारिनेल्लो व रहमान यांनी, अणू ज्या काल्पनिक पेटीत ठेवावयाचे तिचा आकारही बदलू दिला. बोरॉन नायट्राइडसाठी ही सुधारणा फार मोलाची आहे. एका दिशेने आकसणारा व दुसरीने फुगणारा स्फटिक ताठ पेटीत आपला स्वभाव दाखविणार कसा?

तथापि या पडद्यावरील प्रयोगाच्या मर्यादा नीट ओळखल्या पाहिजेत. हिशेबाचे एक पाऊल साधारणतः सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दहा लाखाव्या भागाएवढे असते. दहा लाख पावले टाकली तरी गाठला जातो तो एक अब्जांश सेकंद. तेवढ्यात तापमान 1,000 अंशांनी वाढविले, तर वेग पडतो सेकंदाला एक लाख कोटी अंश! भट्टीत मिनिटाला 10 अंश या गतीने तेवढ्याच वाढीला एक तास चाळीस मिनिटे लागतात. अणूंचे डोलणे अतिजलद असल्याने ते या अल्पकाळातही उमटते. सावकाश चालणाऱ्या क्रिया मात्र निसटून जातात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या हिशेबात प्रत्येक अणूला डोलण्याचा पूर्ण वाटा मिळतो. त्यानुसार बोरॉन नायट्राइडची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला सुमारे 2 ज्यूल येते. खोलीच्या तापमानाला मोजलेली सुमारे 0.8 ज्यूल आहे. त्यातील बंध इतके ताठ, की पुंजसिद्धांताप्रमाणे बरीच कंपने तोवर जागीच झालेली नसतात. उंच तापमानाला ही तफावत घटत जाते. तेव्हा थंड द्रव्याविषयी असे हिशेब जे सांगतात, ते दुरुस्तीशिवाय स्वीकारू नये, असेच म्हणावे लागते.

शिवाय पेटीत जे घातले नाही, ते संगणक दाखवीत नाही. हवेत सुमारे 1,000 अंशांच्या आसपास बोरॉन नायट्राइडचे ऑक्सिडीकरण होऊ लागते आणि बोरॉन ऑक्साइड बनते, ते सुमारे 450 अंशांनाच वितळते. पेटीत केवळ बोरॉन व नायट्रोजन असतील, तर हा नाश कधीच घडणार नाही आणि द्रव्य अभेद्य वाटेल. उपग्रहांची कक्षा सावरणाऱ्या हॉल प्रणोदकांत बोरॉन नायट्राइड व सिलिका यांच्या संमिश्राच्या भिंती वापरतात. तेथे बाहेर निर्वात पोकळी असल्याने हवेची ही भीती नाही. तेथे भिंतीला झिजवितो तो आयनांचा मारा, आणि त्याचा हिशेब करावयाचा तर पेटीत ते आयनही सोडावे लागतात.